नळीवरचा आकडा : शिकारी रायफलीची निवड आणि मालकी



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी रायफल हा विषय घ्यावा, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कारण अगदी साधे आहे. महाविद्यालयात शिकारकथेचा एक उतारा शिकवीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, शिकाऱ्याने चारशे पन्नासची ठेवली आणि दोनशे पंचाहत्तरची उचलली, असे लिहिले आहे. म्हणजे मोठी सोडून लहान बंदूक घेतली का? आणि वाघाला लहान कशी पुरेल?” मला उत्तर देता आले नाही. वस्तुतः आमच्या घरी वडिलांची एक दुनळी बंदूक आणि एक रायफल होती. दर दसऱ्याला त्यांची पूजा होई आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा त्यांना तेल लावले जाई. तरीही त्या नळ्यांवर कोरलेला आकडा मी कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. शिकारसाहित्याचे आपण बहुतेक वाचक असेच आहोत. कथेतल्या रानाचे वर्णन आपण चवीने वाचतो, आणि रायफलीचा आकडा आला की डोळे पुढच्या ओळीवर जातात.

पुढे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामागे लागून मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. शिकार आपल्या देशात कायद्याने बंद झाली, आणि ती झाली हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. तेव्हा कोणाला शिकारीची दीक्षा द्यावी हा हेतू नाही. परंतु त्या आकड्यात दोन हिशेब लपलेले असतात, आणि ते दोन्ही आपल्या इतिहासाचे आहेत. एक जनावराच्या देहाचा, दुसरा राज्यकर्त्यांच्या भयाचा.

आरंभ शब्दांपासून करतो. तो माझा धंदाच आहे. बंदूक हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. तेथे तो मुळात एका कठीण कवचाच्या फळाचा वाचक होता, त्यावरून गोळीचा झाला. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगीजांनी दिलेले. मात्र बंदुकीच्या अवयवांना आपल्या लोकांनी घरची नावे दिली. नेम धरताना नळीच्या टोकाशी जो इवलासा उंचवटा दिसतो ती माशी. ज्या छिद्रातून ठिणगी आत जाते तो कान. बोटाने ओढावयाचा तो चाप. आणि वर उठून आदळणारा तो घोडा. तोड्याची बंदूक वातीने पेटे, ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासावी लागे. हे सगळे शब्द मराठीत मुरले. रायफल हा शब्द मात्र आपण जसाच्या तसा घेतला, कारण ती वस्तू आपल्याकडे उशिरा आणि साहेबाच्या खांद्यावरून आली.

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. त्यांतून सुटणारी गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते, आणि भोवरा जसा फिरतो तोवर ताठ उभा राहतो, तशी ती गोळी फिरते तोवर आपली दिशा सोडत नाही. गुळगुळीत नळीतून सुटलेली एकटी गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे कोठे जाईल ह्याचा भरवसा नसतो. रायफलीची गोळी दोनशे पावलांवरही वीतभर जागेत बसू शकते. एवढाच काय तो फरक. पण पुढचे सारे शास्त्र ह्या फरकावर उभे आहे.

आता आकड्यांविषयी. साध्या बंदुकीचा ‘बारा बोअर’ हा आकडा मोठा मौजेचा आहे. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे आकडा जितका लहान, भोक तितके मोठे. आठ बोअर बारापेक्षा थोर, आणि चार बोअर म्हणजे पाव पौंडाची गोळी! रायफलीचा आकडा ह्याच्या उलट. तेथे भोकाची रुंदी इंचाच्या अंशात देतात : .२७५ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर, .४५० म्हणजे अर्ध्या इंचाला थोडी कमी. कधी दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले असतात. .४५०/४०० म्हणजे मूळ .४५० चे टोपण घेऊन त्याची मान .४०० च्या गोळीपुरती आवळलेली. आणि कधी तर दुसरा आकडा सालाचा असतो; .३०-०६ मधील ०६ हा १९०६ सालाचा अवशेष होय. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने ‘लहान’ आणि ‘मोठी’ असे जे म्हटले, ते भोकापुरतेच खरे होते. भोक हे सामर्थ्याचे एक अंग. गोळीचे वजन, तिचा वेग आणि तिची घडण ही बाकीची तीन अंगे आकड्यात दिसतच नाहीत.

ह्यांतील घडणीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक विलक्षण विरोध आहे. शिशाच्या गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे पूर्ण कवच घातले, तर ती देहातून सरळ आरपार जाते. टोकाशी शिसे उघडे ठेवले, तर ती आत शिरताच फुलाप्रमाणे उमलते आणि आपले सारे बळ त्या देहातच खर्च करते. ही दुसऱ्या प्रकारची गोळी १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात लष्करासाठी तयार झाली, आणि ‘दमदम गोळी’ ह्या नावाने जगभर कुप्रसिद्ध पावली. १८९९ च्या हेग येथील परिषदेत युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरवण्यात आला; माणसावर ती वापरणे क्रौर्याचे मानले गेले. परंतु हरणावर नेमकी तीच वापरणे हे दयेचे मानले जाते. पूर्ण कवचाची गोळी चितळाच्या बरगड्यांतून सुईसारखी निघून जाते. जनावर उभेही राहते, पळतही जाते, आणि कोठेतरी झुडुपात रात्रभर तडफडून मरते. उमलणारी गोळी त्याला जागच्या जागी पाडते. युद्धात शत्रू जायबंदी झाला तरी काम भागते. शिकारीत जायबंदी करणे हाच सर्वांत मोठा अपराध.

म्हणून चांगला शिकारी रायफल निवडताना आधी सावजाचा देह पाही. काळवीट जेमतेम ३५ ते ४० किलोंचे, पण उघड्या माळावर राहणारे आणि दुरूनच सावध होणारे. त्याला हलकी, वेगवान, सरळ जाणारी गोळी हवी. .२७५ रायफलीची १४० ग्रेनची गोळी (७००० ग्रेन म्हणजे १ पौंड; तेव्हा ही गोळी सुमारे ९ ग्रॅमची) ह्या कामाला उत्तम. चितळालाही तीच चालते. सांबराचा नर अडीचशे किलोंच्या पुढे जातो, त्याचा जीव चिवट असतो आणि तो दाट झाडीत असतो. तेथे गोळी थोडी जड असलेली बरी. वाघ वजनाने सांबराच्या जवळपास, पण कातडी पातळ. प्रश्न त्याच्या देहाचा नसून जखमेनंतर तो काय करील ह्याचा. त्याला नुसते मारणे पुरेसे नाही, थांबवणे आवश्यक. गवा हा तर आणखी वेगळा मामला. पूर्ण वाढलेला नर ८०० ते १००० किलोंचा, खांद्याशी मांसाचा आणि हाडाचा कोट. उमलणारी गोळी तेथे बाहेरच उमलून फुकट जाते. त्याला जड आणि पुष्कळ आत घुसणारी गोळी लागते. .४७० ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वर; .२७५ च्या साडेतीनपट. हत्तीच्या डोक्यातील हाड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ-पोकळ आणि जाडीने फूटभर. मेंदू त्याच्या आत कोठेतरी. तेथे पूर्ण कवचाच्या गोळीखेरीज काहीच उपयोगाचे नसे. अर्थात १८७९ च्या हत्तीसंरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्याच्या वाट्याला बहुधा पिसाळलेला आणि सरकारने तसा जाहीर केलेला हत्तीच येई.

तोफेच्या दारूच्या काळात, म्हणजे काळ्या दारूच्या काळात, हा प्रश्न केवळ आकाराने सोडवीत. जेम्स फॉर्साइथ हा निमाडचा उपायुक्त आणि जमाबंदी अधिकारी होता. आपल्या इंदूर-खंडव्याकडील मंडळींना त्याचा सातपुड्यावरील १८७१ चा ग्रंथ परिचित असेल. त्याने त्याआधी १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या ह्याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि मोठ्या भोकाच्या, वाटोळ्या गोळीच्या रायफलीचा पक्ष हिरिरीने मांडला. त्या काळी तो बरोबरही होता. काळ्या दारूने वेग वाढवता येत नसे, तेव्हा वजनच वाढवावे लागे. शिवाय बार झाला की धुराचा पडदा. वाघ पडला की अंगावर येत आहे, हे धूर विरेपर्यंत कळत नसे. पुढे हलक्या गोळीमागे भरपूर दारू घालून वेग वाढवलेल्या रायफली निघाल्या; त्या काळच्या नवलाईच्या आगगाडीवरून त्यांना ‘एक्सप्रेस’ म्हणू लागले. मराठी वाचकाला शिकारकथेत भेटणारी ‘एक्सप्रेस’ ती हीच. तिचा रेल्वेशी एवढाच संबंध. १८९८ साली लंडनच्या रिग्बी ह्या बंदूक कारागिरांनी कॉर्डाइट ह्या बिनधुराच्या दारूवर चालणारी .४५० रायफल काढली आणि सगळे चित्र पालटले.

ह्याच सुमारास जर्मनीत माउझरची खिळीची रायफल सिद्ध झाली. ती स्वस्त, हलकी, पोटात चार-पाच काडतुसे बाळगणारी. मग दुनळी रायफल कोणी कशासाठी घ्यावी? तिला दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफलीच. एकीने दगा दिला तर दुसरी तयार, आणि दुसरा बार उडवण्यासाठी खिळी मागेपुढे करावी लागत नाही. वाघ पंधरा पावलांवरून येत असताना ह्या क्षणाची किंमत फार. परंतु दोन्ही नळ्यांचा नेम एकाच ठिकाणी पडावा म्हणून कारागीर त्या हाताने जुळवीत. बार काढून पाहावयाचा, जोड किंचित सरकवावयाचा, पुन्हा बार. ही जुळणी एका ठरावीक काडतुसापुरती असे. काडतूस बदलले की नेम बिघडला. आणि आपल्या देशातल्या मे महिन्यात कॉर्डाइट तापले म्हणजे त्याचा दाब वाढे. म्हणून विलायतेचे कारखानदार उष्ण मुलखासाठी दारू थोडी कमी घालून निराळी काडतुसे करीत. ही दुनळी रायफल राजेरजवाड्यांनाच परवडे. आपल्या ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंदे यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकच लिहिले, हे येथील जुन्या लोकांना ठाऊक असेल. महाराजांचा शिकारखाना आणि माझ्या वडिलांची एक बारा बोअर ही तुलनाच संभवत नाही. परंतु रानात उभे राहिल्यावर दोघांपुढचा प्रश्न एकच होता.

तो प्रश्न मला घरातच कळला. १९५९ च्या हिवाळ्यातील गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडील जंगल खात्याचा रीतसर परवाना काढून शिवपुरीकडच्या रानात गेले होते. बरोबर बारा बोअरची दुनळी आणि एलजीची काडतुसे. एलजी म्हणजे शिशाचे मोजके मोठे छर्रे; तीस-चाळीस पावलांच्या आत ते एकत्र बसतात, पुढे पांगतात आणि त्यांचे बळही सरते. सांजावताना ओढ्यापलीकडे सांबर दिसले. अंतर सत्तर पावलांचे तरी होते. वडिलांना ते कळत होते, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. पण सांबर मोठे होते, आणि दिवसभर काही मिळाले नव्हते. त्यांनी बार काढला. सांबर गुडघ्यावर आले, उठले आणि झाडीत गेले. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला. दुसऱ्या दिवशी एका सहरिया माणसाला बरोबर घेऊन पुन्हा काढला. ओढ्याच्या खडकाळ पात्रात तो हरवला. तिसऱ्या दिवशी गिधाडे उतरली तेव्हा जनावर सापडले. दोन छर्रे पोटात गेले होते, बाकीचे कातडीखाली. वडील घरी आले, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रायफलीच्या परवान्याचा अर्ज लिहिला.

जायबंदी जनावराचा हिशेब केवळ त्याच्याच यातनांवर संपत नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेली चंपावतची वाघीण घ्या. तिच्या नावावर ४३६ माणसांचे मृत्यू नोंदलेले आहेत. ती पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला, तेव्हा उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले, आणि ते मोडले होते बंदुकीच्या जुन्या गोळीने. कोणीतरी केव्हातरी चुकीच्या अंतरावरून, चुकीच्या हत्याराने किंवा नुसत्याच उतावळेपणाने बार काढला होता, आणि त्याची किंमत त्या माणसाने दिली नव्हती. नेपाळच्या आणि कुमाऊंच्या गवत कापायला जाणाऱ्या बायकांनी दिली. त्या दिवशी खुद्द कॉर्बेट यांच्याजवळ .५०० ची रायफल होती आणि तीनच काडतुसे. ती संपल्यावर त्यांनी तहसीलदाराची बंदूक धावत जाऊन आणली. तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये स्पष्ट फट होती, आणि नेम वाघिणीच्या तोंडावर असता गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी तेवढ्यातच गतप्राण झाली, म्हणून निभावले. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याच्या चरित्रातील हा प्रसंग म्हणजे हत्याराच्या निवडीवरील आणि निगेवरील एक धडाच होय.

ह्याच कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली. आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. कॉर्बेट यांच्याजवळ .४५०/४०० ची जड दुनळीही होती. पण नरभक्षकामागे दिवसदिवस पायी डोंगर चढावे लागत, बहुधा एकट्याने. जड रायफल खांदा दुखवते, दमवते, आणि तिचा धक्का आठवून पुष्कळांचे बोट चापावर कचरते. हलकी रायफल थकलेल्या हातातही स्थिर राहते, आणि नेमक्या जागी बसलेली ९ ग्रॅमची गोळी ३२ ग्रॅमच्या भटक्या गोळीपेक्षा दयाळू असते. सव्वाशे बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली ह्याच .२७५ ने पडला. दक्षिणेत केनेथ अँडरसन यांनी आयुष्यभर .४०५ विंचेस्टरवर विश्वास ठेवला. दोघांचे हत्यार वेगळे, पण दोघांनाही ते शरीराच्या अवयवासारखे ओळखीचे झाले होते. तात्पर्य, निवड करताना जनावराइतकाच आपला खांदाही पाहावा लागे. दिवाणखान्यात सहा रायफली मांडणारा आणि रानात कोणतीच धड न चालवणारा माणूस संस्थानी काळात पुष्कळ दिसे. त्याच्याविषयी अधिक न बोललेले बरे.

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळतो. १८५७ चा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्रास्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून हिंदी माणसाला हत्यार बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून ह्या कायद्याविरुद्ध तक्रार होत राहिली. कोडगूच्या लोकांसारख्या एखाद्याच समाजाला सूट मिळाली, आणि ती आजही चालू आहे. बाकीच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असली, तरी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत.

पण सरकारचे भय एवढ्यावर थांबले नाही. ते नळीच्या भोकापर्यंत गेले. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास .४५० चा. शिकारीच्या नावाखाली आलेल्या .४५० च्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडून त्या रायफलीत चालतील, ह्या भीतीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० च्या शिकारी रायफलींना बंदी झाली. मग विलायतेच्या कारागिरांनी काय करावे? त्यांनी भोक केसभर वाढवले. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी आकड्यांची जी रांग शिकारकथांत भेटते, ती गव्याच्या किंवा वाघाच्या देहावरून पडलेली नाही. ती एका सरकारी बंदीची संतती आहे. गव्याला .४५० आणि .४७० यांतील फरक कळण्याचे काही कारण नव्हते.

तीच गोष्ट .३०३ ची. ती फौजेची गोळी, म्हणून नागरिकाला वर्ज्य. तिच्या जागी ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर काडतुसावरून घेतलेली .३१५ ही हिंदुस्थानातील सामान्य परवानाधारकाची रायफल झाली, आणि स्वातंत्र्यानंतर इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही तीच तयार होऊ लागली. इंग्रज गेले, १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, १९६२ चे नियम आले. परंतु ‘निषिद्ध बोअर’ आणि ‘अनिषिद्ध बोअर’ ही विभागणी तशीच चालू राहिली. माझ्या वडिलांना दीड वर्षाच्या प्रतीक्षेनंतर जी रायफल मिळाली ती .३१५ च होती. ती त्यांनी निवडली असे आम्ही म्हणत असू. खरे पाहता कायद्याने त्यांच्यापुढे जे ताट वाढले होते, त्यांत दुसरे फारसे काही नव्हते. सुदैवाने सांबराला ती पुरेशी होती.

ती रायफल मिळाली आणि तिचे प्रयोजनच हळूहळू संपत गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचे उरलेसुरले दारही लागले. आज माणसाच्या जिवावर उठलेले किंवा असाध्य जखमी जनावर मारावयाचे, तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. आणि अशा वेळीही पहिली पसंती बहुधा बेशुद्धीची सुई सोडणाऱ्या बंदुकीला असते. तेथेही औषधाची मात्रा जनावराच्या अंदाजे वजनावरच ठरते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवपुरीच्या माधव उद्यानात २०२३ साली पुन्हा वाघ सोडण्यात आले, आणि २०२५ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या रानात महाराजांचे हाके उठत, तेथे आता गळ्यात पट्टा बांधलेल्या वाघाची नोंद ठेवली जाते.

बंदुका मात्र घरोघर राहिल्या. आपल्या चंबळच्या मुलखात तर खांद्यावरची बंदूक ही शिकारीपेक्षा प्रतिष्ठेचीच खूण. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात ती जमा करावयाच्या रांगा आपण दरवेळी पाहतो. लश्करातल्या जुन्या वाड्यांतून आजोबांच्या नावाच्या रायफली भिंतीवर आहेत, आणि त्यांच्यासंबंधी कायदा काय म्हणतो, हे नातवांना पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून चार गोष्टी सांगणे मला अगत्याचे वाटते. १९८३ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. जादा शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे होते. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे आपली नोंदणी केली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारक वारला की त्याचे हत्यार आपोआप मुलाचे होत नाही. ते जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. पुष्कळ सज्जन माणसे केवळ अज्ञानाने, वडिलांचे तेरावे झाल्यावरही बंदूक कपाटात ठेवून, बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्याच्या कक्षेत जातात. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याजवळ असले, तर त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. माझ्या वयाच्या श्रोत्यांनी हा नियम विशेष ध्यानात ठेवावा.

मी स्वतः तो पाळावयाचे ठरवले, तेव्हा पंचाईत अशी झाली की वारसाला हत्यार नको होते. मुलगा पुण्यात सदनिकेत राहतो, तो म्हणाला, “बाबा, ती मी ठेवू कुठे, आणि कशासाठी?” ह्यातील पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. दुसऱ्यासाठी मी वडिलांचे परवान्याचे जुने पुस्तक काढले. जुन्या नमुन्यात हत्यार बाळगण्याचे प्रयोजन छापलेले असे : क्रीडा, संरक्षण किंवा प्रदर्शन, नको तो शब्द खोडावयाचा. वडिलांच्या १९६१ च्या परवान्यात ‘संरक्षण’ आणि ‘प्रदर्शन’ हे शब्द खोडलेले आहेत. पुढच्या एका नूतनीकरणाच्या वेळी, शाईवरून दिसते की बऱ्याच वर्षांनंतर, कोणा कारकुनाने ‘क्रीडा’ खोडून समासात हाताने ‘संरक्षण’ असे लिहिले आहे, आणि त्यावर शिक्का मारला आहे. दुनळी आणि रायफल दोन्ही मी गेल्या पावसाळ्याआधी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्या. त्याने पावतीवर लिहिण्यासाठी बोअर विचारला, तेव्हा पुस्तकात न पाहता मला तो सांगता आला.